एका गाठीत दोन पात्या
संदेशवाहक आरएनएची जडणघडण : जिवाणूंत आणि आपल्या पेशींत



बारावीच्या जीवशास्त्रात एक मुद्दा सगळ्यांकडून पाठ करून घेतला जातो : आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी पेशींमध्ये संदेशवाहक आरएनए तयार होण्याची रीत कशी वेगळी असते. मुले दोन रकान्यांचा तक्ता घोकतात, परीक्षेत उतरवून काढतात आणि निकालाबरोबर विसरूनही जातात. हा तक्ता नुसता गुणांसाठी नाही. टोंकखुर्दच्या शेतात, औषधाच्या दुकानात आणि लग्नाच्या बोलणीतही त्याचा संबंध येतो. म्हणून या अंकात आम्ही तो विषय जरा निवांतपणे मांडत आहोत. ज्यांनी शाळेत विज्ञान घेतले नव्हते अशा आई-बाबांनाही तो समजावा, असा आमचा प्रयत्न आहे.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण

देवासचा इतिहास आपल्या सर्वांना ठाऊक आहे. १७२८ च्या सुमारास तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या भावांनी येथे राज्य स्थापले आणि पुढे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. गाव एकच, टेकडी एकच, पण दरबार दोन, दफ्तरे दोन आणि कारभाराची रीतही आपापली. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन होईपर्यंत हा प्रकार चालला.

असाच प्रकार पाहायचा असेल तर पावसाळ्यात सोयाबीनच्या शेतात जावे. पीक फुलोऱ्यावर येते त्या सुमारास एक रोप मातीसकट हळूच उपटा आणि मुळे पाण्यात धुवा. मुळांवर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गाठी दिसतील. नखाने एक गाठ फोडा. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर गाठ कामाला लागलेली आहे असे समजावे.

या एका गाठीत दोन जीव नांदतात. गाठीचे घर सोयाबीनच्या पेशींनी बांधलेले असते आणि त्या पेशींच्या आत ब्रॅडीरायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात, झाड त्यांना साखर पुरवते. सोयाबीन दृश्यकेंद्रकी, म्हणजे त्याच्या पेशीत पडद्याने वेढलेले स्वतंत्र केंद्रक असते. जिवाणू आदिकेंद्रकी, त्याला असे केंद्रक नसते. घर एक आणि कारभार दोन. थोरल्या पातीचा हुकूम निघण्याची रीत वेगळी, धाकट्या पातीची वेगळी. ही रीत कशी वेगळी आहे तेच आता पाहू.

दूत कशासाठी हवा?

पेशीतली सगळी माहिती डीएनएच्या लांबलचक साखळीत चार अक्षरांनी लिहिलेली असते : ए, टी, जी आणि सी. त्या माहितीचा जो तुकडा एखादे प्रथिन कसे बनवावे हे सांगतो, त्याला जनुक म्हणतात. मूळ दफ्तर कोणी बाजारात घेऊन जात नाही. कारकून हव्या त्या पानाची नक्कल करतो आणि ती कामाच्या ठिकाणी पाठवतो. डीएनएची अशी नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. आपण त्याला थोडक्यात दूत म्हणू. नक्कल करण्याच्या क्रियेला प्रतिलेखन म्हणतात. आरएनएमध्ये टी या अक्षराच्या जागी यू येतो, एवढा एक फरक लक्षात ठेवावा.

ही नक्कल वाचून प्रथिन जोडणारा कारागीर म्हणजे रायबोसोम. तो तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द वाचतो आणि प्रत्येक शब्दासाठी एक अमिनो आम्ल साखळीत जोडतो. या क्रियेला भाषांतरण म्हणतात. असा दूत खरोखर असतो हे १९६१ मध्ये ब्रेनर, जेकब आणि मेसेल्सन यांनी जिवाणूंवरील प्रयोगातून दाखवून दिले.

इथपर्यंत दोन्ही पात्यांची रीत सारखीच आहे. फरक पडतो तो नक्कल झाल्यावर आणि ती वाचली जाण्यापूर्वी.

धाकट्या पातीचा कारभार : लिहिता लिहिता अंमल

जिवाणूच्या पेशीत सगळे एकाच खोलीत असते. मूळ दफ्तर, कारकून आणि कारागीर यांच्यामध्ये भिंत नाही. त्यामुळे नक्कल पुरी होण्याची कोणी वाट पाहत नाही. आरएनएचे पुढचे टोक बाहेर आले की रायबोसोम त्यावर चढून कामाला लागतात आणि मागचा भाग अजून लिहिलाच जात असतो. १९७० मध्ये ऑस्कर मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली याचे छायाचित्रच मिळवले. डीएनएच्या दोऱ्यावरून आरएनएच्या फांद्या लोंबत आहेत आणि प्रत्येक फांदीवर रायबोसोमचे मणी ओवलेले आहेत, असे ते चित्र आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे जिवाणूचा एकच दूत अनेक प्रथिनांचे हुकूम घेऊन जाऊ शकतो. दुधातली साखर पचवणाऱ्या लॅक ओपेरॉनचा दूत तीन प्रथिनांची माहिती एका दमात सांगतो. सोयाबीनच्या गाठीतल्या जिवाणूंतही नायट्रोजन पकडणाऱ्या नायट्रोजिनेज या विकराच्या मोठ्या भागाचे दोन घटक ज्या दोन जनुकांत लिहिलेले असतात, त्यांची नक्कल एकाच दूतावर उतरते. दोन्ही घटक एकत्र लागतात, म्हणून हुकूमही एकत्रच निघतो.

तिसरी गोष्ट, या दुतावर सहसा काही संस्कार होत नाहीत. पुढे टोपी नाही, मध्ये काटछाट नाही. आयुष्यही थोडे, बहुतेक दूत काही मिनिटांत तोडून टाकले जातात. यात कमीपणा मानू नये. जिवाणूचे जग क्षणाक्षणाला बदलते. आज साखर आहे, उद्या नाही. हुकूम लवकर निघावा आणि लवकर रद्दही व्हावा, हेच त्याला सोयीचे असते.

थोरल्या पातीचा कारभार : तीन संस्कार

आता सोयाबीनच्या किंवा आपल्या पेशीत या. इथे मूळ दफ्तर केंद्रकाच्या भिंतीआड असते आणि रायबोसोम भिंतीबाहेर. त्यामुळे नक्कल आधी आत तयार होते, तिच्यावर तीन संस्कार होतात आणि मगच दाराबाहेर जाण्याची परवानगी मिळते. संस्कार होण्यापूर्वीच्या कच्च्या नकलेला पूर्वदूत म्हणू.

पहिला संस्कार टोपीचा. पूर्वदूताची वीस-तीस अक्षरे लिहून होतात न होतात तोच त्याच्या पुढच्या टोकाला जी अक्षराचे एक बदललेले रूप उलटे करून बसवले जाते. त्याला मिथिल गट जोडलेला असतो. या टोपीमुळे पुढून कुरतडणाऱ्या विकरांपासून दुताचे रक्षण होते आणि रायबोसोमला वाचन कोणत्या टोकाने सुरू करायचे ते कळते. १९७० च्या दशकाच्या मध्यास ही टोपी शोधली गेली.

दुसरा संस्कार शेपटीचा. नकलेच्या शेवटाजवळ एएयूएएए अशी किंवा तिच्यासारखी खूण येते. तिच्या थोडे पुढे पूर्वदूत कापला जातो आणि त्या टोकाला नुसत्या ए अक्षरांची माळ जोडली जाते. आपल्या पेशीत ही माळ साधारण दोनशे अक्षरांची असते. विशेष म्हणजे ती डीएनएमध्ये लिहिलेलीच नसते, नंतर जोडलेली असते. तिच्यामुळे दूत जास्त टिकतो. माळ झिजत गेली की दुताचे दिवस भरत आले असे समजावे.

इथे एक गंमत सांगतो. जिवाणूही कधी कधी आपल्या आरएनएला ए अक्षरांची छोटी शेपटी लावतात, पण त्यांच्याकडे तिचा अर्थ उलटा आहे. ती लागली की आरएनए लवकर मोडीत काढला जातो. खूण तीच, पण दोन दरबारांत अर्थ दोन.

तिसरा संस्कार काटछाट आणि सांधणीचा, ज्याला स्प्लायसिंग म्हणतात. १९७७ मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की जनुकातला मजकूर सलग नसतो. कामाच्या मजकुरामध्ये, प्रथिनात न उतरणारे लांब तुकडे येतात. कामाच्या भागाला एक्झॉन आणि मधल्या भागाला इंट्रॉन म्हणतात. पूर्वदूतातून इंट्रॉन कापून टाकायचे आणि एक्झॉन एकमेकांना बिनचूक सांधायचे, असे हे काम आहे. या शोधाला १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे काम स्प्लायसोसोम नावाचे मोठे यंत्र करते. त्यात यू-१, यू-२, यू-४, यू-५ आणि यू-६ असे पाच छोटे आरएनए आणि कितीतरी प्रथिने असतात. कुठे कापायचे हे त्याला कसे कळते? जवळजवळ प्रत्येक इंट्रॉनची सुरुवात जी-यू या अक्षरांनी होते आणि शेवट ए-जी या अक्षरांनी. आजूबाजूची काही अक्षरेही खुणेत मोडतात. आपण मराठीत खेळून पाहू. समजा निरोप असा आला :

उद्या सकाळी गुमटकनपलअग शेतावर या.

नियम असा की "गु" पासून "अग" पर्यंतचे सगळे कापायचे. मग वाक्य राहते : उद्या सकाळी शेतावर या. आता "गु" च्या जागी चुकून "सु" पडले तर कात्रीला खूण सापडणार नाही आणि निरोपात निरर्थक अक्षरे तशीच राहतील. आणि कात्री एक अक्षर जरी अलीकडे-पलीकडे चालली, तरी पुढचे सगळे तीन-तीन अक्षरी शब्द विस्कटतील.

ही काटछाट किती मोठी असते पाहा. स्नायूंतल्या डिस्ट्रॉफिन या प्रथिनाचे जनुक वीस लाखांहून अधिक अक्षरांचे आहे. त्यात ७९ एक्झॉन आहेत आणि तयार दूत उरतो तो सुमारे १४,००० अक्षरांचा. म्हणजे शंभरातली नव्याण्णव अक्षरे कापून टाकली जातात. एका नकलेचे लेखन पुरे व्हायला सुमारे सोळा तास लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचा एक मोठा फायदा असा की एकाच पूर्वदूतातून एक्झॉन वेगवेगळ्या तऱ्हेने निवडून वेगवेगळी प्रथिने बनवता येतात. आपल्या शरीरात एकच जनुक थायरॉइड ग्रंथीत कॅल्सिटोनिन हे संप्रेरक देते आणि मज्जापेशीत तेच दुसरे प्रथिन देते. माणसाची प्रथिने सांगणारी जनुके सुमारे वीस हजारच आहेत, पण प्रथिने त्याहून पुष्कळ जास्त आहेत, ती अशी.

तक्ता, पण समजून

आता वहीत उतरवायचा तक्ता असा होईल.

१. जागा : जिवाणूत नक्कल आणि वाचन एकाच जागी, एकाच वेळी. आपल्यात नक्कल केंद्रकात, वाचन बाहेर आणि नंतर.
२. टोपी : जिवाणूत मिथिल-जीची टोपी नाही. आपल्यात आहे.
३. शेपटी : जिवाणूत क्वचित आणि छोटी, नाशाची खूण. आपल्यात लांब, रक्षणाची खूण.
४. काटछाट : जिवाणूंच्या प्रथिन-जनुकांत इंट्रॉन जवळजवळ नसतातच आणि स्प्लायसोसोमही नसतो. आपल्यात बहुतेक जनुकांत इंट्रॉन असतात.
५. मजकूर : जिवाणूचा एक दूत, प्रथिने अनेक. आपला एक दूत, साधारणपणे प्रथिन एक.
६. आयुष्य : जिवाणूचा दूत मिनिटांचा. आपला बहुधा तासांचा, कधी त्याहून जास्त.

हुशार विद्यार्थ्यांनी अपवादही लिहून ठेवावेत. पावाच्या यीस्टला केंद्रक असते, तरी त्याच्या सुमारे सहा हजार जनुकांपैकी तीनशेच्या आतबाहेर जनुकांतच इंट्रॉन आहेत. आपल्या पेशीतील हिस्टोन प्रथिनांच्या बहुतेक दुतांना ए अक्षरांची शेपटी नसते. आणि जिवाणूसुद्धा आपले रायबोसोमी आरएनए लांब तुकड्यातून कापूनच तयार करतात. काटछाट त्यांना अगदीच अनोळखी नाही, संदेशवाहकाच्या बाबतीत मात्र ती नाही.

आता पुन्हा गाठीकडे वळू. गाठीतला गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा असतो. ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे नातेवाईक आहे. नायट्रोजिनेजला मोकळा प्राणवायू सोसत नाही, म्हणून हे प्रथिन प्राणवायू धरून ठेवते आणि बेताबेताने सोडते. ते सोयाबीनच्या जनुकातून बनते आणि त्या जनुकात तीन इंट्रॉन आहेत, हे १९८१ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी दाखवले. म्हणजे त्या इवल्याशा गाठीत प्राणवायू सांभाळणाऱ्या प्रथिनाचा दूत टोपी-शेपटी लावून, तीनदा कापून-सांधून निघतो, आणि नायट्रोजन पकडणाऱ्या प्रथिनाचा दूत शेजारीच बिनटोपीचा, न कापता निघतो. दोघांचे काम जुळते तेव्हाच शेतात युरियाचा खर्च वाचतो.

दोन पात्यांमधला व्यवहार

एका दरबाराचा कागद दुसऱ्या दरबारात न्यायचा तर तिथल्या रीतीने लिहून न्यावा लागतो. हे न कळल्याने काय अडते आणि कळल्याने काय साधते, याची तीन उदाहरणे देतो.

पहिले इन्सुलिनचे. माणसाच्या इन्सुलिनच्या जनुकात दोन इंट्रॉन आहेत. ते जनुक जसेच्या तसे जिवाणूत घातले तर जिवाणूकडे कात्रीच नाही, तो इंट्रॉनसुद्धा मजकूर समजून वाचत सुटेल. म्हणून १९७८ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी इंट्रॉन नसलेला मजकूर प्रयोगशाळेत रासायनिक रीतीने जोडून जिवाणूत घातला आणि जिवाणूने माणसाचे इन्सुलिन बनवले. १९८२ मध्ये ते औषध म्हणून मान्य झाले. आपल्या घरांतल्या कितीतरी मधुमेही आजी-आजोबांना याच वाटेने इन्सुलिन मिळाले आहे.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे, कापसाचे. धार जिल्ह्याच्या निमाड भागात कापूस होतो, हे आपण जाणतो. बोंडअळीला मारणारे एक प्रथिन बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, या जिवाणूत असते. त्याचे जनुक मूळ रूपात झाडात घातले तेव्हा प्रथिन फारच थोडे तयार झाले. कारण जिवाणूच्या त्या मजकुरात ए आणि टी अक्षरे फार. झाडाच्या पेशीला त्यातल्या काही जागा "इथे कापून शेपटी लावा" अशा खुणा वाटल्या. दूत अर्ध्यातच तोडला जाऊ लागला. मग शास्त्रज्ञांनी अर्थ तोच ठेवून अक्षरे बदलली. एकाच अमिनो आम्लासाठी अनेक शब्द असतात, त्यामुळे हे शक्य झाले. फसव्या खुणा गेल्या आणि प्रथिन कितीतरी पट वाढले. अशा जनुकाच्या वाणांना भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. ते आणले जालन्याच्या महिको कंपनीने, अमेरिकेतल्या मॉन्सँटोच्या साथीने. पुढे गुलाबी बोंडअळीने या प्रथिनाला दाद देणे कमी केले, हेही सांगितले पाहिजे. निसर्गात कोणताही हुकूम कायमचा चालत नाही.

तिसरे उदाहरण लशीचे. कोरोनाच्या साथीत एम-आरएनए लस हा शब्द घरोघरी पोचला. तिच्यातला दूत कोणत्याही पेशीत बनत नाही, काचपात्रात बनतो. तो लिहिण्यासाठी साधारणपणे टी-७ नावाच्या, जिवाणूंना होणाऱ्या विषाणूचे विकर वापरतात. ते विकर नक्कल उत्तम करते, पण टोपी घालणे त्याच्या रीतीत नाही. आपल्या पेशीने दूत आपला मानावा म्हणून टोपी आणि ए अक्षरांची शेपटी यांची तजवीज मुद्दाम करावी लागते. भारताची पहिली एम-आरएनए लस पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने तयार केली. तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ती भुकटीच्या रूपात असून साध्या शीतपेटीच्या तापमानाला, २ ते ८ अंश सेल्सियसला, ठेवता येते. पूर्वीच्या अशा काही लशींना उणे सत्तर अंशांच्या आसपास ठेवावे लागत होते. खेड्यातल्या आरोग्य केंद्राच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

कात्री चुकली तर

आता हा लेख लिहिण्यामागचे मुख्य कारण. पालकांनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा, ही विनंती.

आपल्या हिमोग्लोबिनमधल्या बीटा साखळीच्या जनुकात तीन एक्झॉन आणि दोन इंट्रॉन आहेत. पहिला इंट्रॉन १३० अक्षरांचा. त्याची सुरुवात होते जी-टी-टी-जी-जी-टी अशी. काही घराण्यांत यातले पाचवे अक्षर जी ऐवजी सी असते. एवढाच बदल. प्रथिनाचा एकही शब्द यात बदललेला नाही, कारण हा भाग कापूनच टाकायचा असतो. पण कात्रीची खूण पुसट होते. मग स्प्लायसोसोम जवळपासच्या तीन चुकीच्या जागा धरतो, दोन पहिल्या एक्झॉनमध्ये आणि एक इंट्रॉनमध्ये. बहुतेक दूत चुकीचे कापले जातात, बरोबर कापलेले फारच थोडे उरतात. बीटा साखळी पुरेशी बनत नाही. याला बीटा थॅलेसेमिया म्हणतात आणि भारतात त्याला कारण होणाऱ्या बदलांमध्ये हाच बदल सर्वांत जास्त आढळतो.

आई किंवा बाबा यांपैकी एकाकडूनच असे जनुक आले तर ती व्यक्ती फक्त वाहक असते. तिला सहसा काही त्रास नसतो, फार तर थोडा पांडुरोग. भारतात शंभरातले सुमारे तीन-चार जण असे वाहक आहेत. पण दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्हीकडून सदोष जनुक मिळण्याची शक्यता चारात एक असते. असे बाळ जन्मताना निरोगी दिसते, कारण गर्भावस्थेचे हिमोग्लोबिन वेगळ्या जनुकाचे असते. पहिल्या-दुसऱ्या वर्षात ते फिकट पडत जाते. पुढे दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि साठणारे लोह काढण्यासाठी कायम औषध घ्यावे लागते.

धार-झाबुआकडच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल हा दुसरा आजार आढळतो. तोही याच बीटा साखळीचा, पण जात वेगळी. तिथे टोपी, शेपटी, काटछाट सगळे बिनचूक होते. चूक असते ती एक्झॉनमधल्या एका शब्दात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. म्हणजे थॅलेसेमियाच्या या प्रकारात मजकूर बरोबर आणि कापणी चूक, तर सिकलसेलमध्ये कापणी बरोबर आणि शब्द चूक. विद्यार्थ्यांनी हा भेद नीट ध्यानात ठेवावा. एका पालकाकडून एक आणि दुसऱ्याकडून दुसरा दोष आला तरीही आजार होतो. सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेची सुरुवात १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात, शहडोल येथे झाली.

दोन्हींसाठी रक्ताची एकच तपासणी पुष्कळ काही सांगून जाते. तिला एचपीएलसी म्हणतात. त्यात हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या वर दिसले तर बीटा थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शक्यता असते. ही तपासणी आयुष्यात बहुधा एकदाच करावी लागते. मात्र शरीरात लोह फार कमी असेल तर आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून अहवाल डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर ही शंका डॉक्टरांपाशी जरूर काढावी. कुटुंबातला नेमका बदल शोधण्याचे काम मुंबईत के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था अनेक वर्षे करीत आली आहे.

आमचे पालकांना सांगणे इतकेच आहे. पत्रिका जुळवताना रक्ताचा हा अहवालही जुळवावा. आपला मराठी समाज माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिला आहे आणि सोयरिकी बऱ्याचदा ओळखीच्या घराण्यांतच होतात. म्हणून ही काळजी आपण अधिकच घ्यायला हवी. वाहक असणे हा दोष नाही, आजारही नाही आणि त्यावरून मुलीला किंवा मुलाला नाकारण्याचे काही कारण नाही. दोघेही वाहक निघाले तर डॉक्टरांशी बोलून, गरोदरपणाच्या सुरुवातीसच गर्भाची तपासणी करण्याचा मार्ग उपलब्ध आहे. ज्यांच्या घरी आधीच असे मूल आहे त्यांनी हेही जाणून घ्यावे की २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेल या दोन्हींचा समावेश आहे.

विश्वस्त मंडळींना आमची एक सूचना आहे. शाळेच्या वार्षिक आरोग्य तपासणीत अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी, पालकांच्या लेखी संमतीने, ही तपासणी ठेवता येईल का याचा विचार व्हावा. अहवाल बंद पाकिटात फक्त पालकांच्या हाती द्यावा, त्याची चर्चा वर्गात होऊ नये.

शब्दांची अडचण

आपली मुले घरी मराठी आणि पुस्तकात हिंदी किंवा इंग्रजी वाचतात. महाराष्ट्रातल्या पुस्तकांत ज्याला प्रतिलेखन म्हणतात, त्याला हिंदी पुस्तकात अनुलेखन म्हणतात. आपले आदिकेंद्रकी तिकडे असीमकेंद्रकी होते आणि दृश्यकेंद्रकी तिकडे ससीमकेंद्रकी. एक्झॉनला व्यक्तेक आणि इंट्रॉनला अव्यक्तेक असे शब्द आहेत. परीक्षेत आपल्या माध्यमाचा शब्द लिहावा, पण अर्थ मराठीत समजून घ्यावा. समजलेली गोष्ट कोणत्याही भाषेत लिहिता येते.

स्वाध्याय

१. जिवाणूत नक्कल चालू असतानाच वाचन सुरू होते. आपल्या पेशीत असे झाले तर इंट्रॉनांचे काय होईल?
२. "आज दुपारी गुरपटलचअग आजीकडे गुसमनकअग जेवायला ये." यात इंट्रॉन किती आणि एक्झॉन किती? तयार निरोप लिहा.
३. वरच्या वाक्यात पहिल्या "अग" चे "अब" झाले तर कात्री पुढच्या "अग" पर्यंत जाईल. कोणता शब्द निरोपातून गळेल?
४. माणसाचे जनुक जिवाणूत घालताना आणि जिवाणूचे जनुक झाडात घालताना येणाऱ्या अडचणींत फरक काय?
५. सोयाबीनच्या तीन रोपांच्या मुळांवरील गाठी मोजा. किती गाठी आतून गुलाबी आणि किती हिरवट किंवा तपकिरी आहेत ते वहीत नोंदवा. शेत ज्यांचे असेल त्यांची परवानगी आधी घ्या.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे घरी आई-बाबांना समजावून सांगा. त्यांना समजले, तर तुम्हालाही नीट समजले आहे असे आम्ही मानू.

— विज्ञान शिक्षकवृंद